गणेशपट्टीवरचं राहिलेलं पान

मशीन आली त्या दिवशी अण्णांनी आधी तिचा वास घेतला. सहा माणसांनी ती ट्रकमधून उतरवून, गोल ओंडक्यांवरून सरकवत दुकानात आणली. वरचं प्लॅस्टिक फाडून सगळे घाम पुसत बाजूला झाले, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढे झाले आणि तिच्या लोखंडी पाटाशी नाक नेलं. नवं लाकूड दुकानात आलं की ते हेच करायचे. साग, बाभूळ, कडुनिंब त्यांना डोळे मिटून ओळखू यायचे.

"नुसता रंगाचा वास हाय," ते म्हणाले. "लाकडाचा न्हाई अजून."

"येईल की," भाऊ म्हणाला. भाऊ माझा थोरला. मशीन त्यानेच आणली होती.

"खायला घातल्यावर येईल म्हन," अण्णा म्हणाले आणि तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. उजवा डाव्याने घट्ट धरलेला.

अण्णांना जाऊन अकरा महिने झाले. वर्षश्राद्धाच्या आत एवढं लिहून ठेवावं असं मनात आहे. रोज शाळेतून आल्यावर एखाददुसरी ओळ होते. कधी तीही होत नाही.

आमचं दुकान माजलगावात, मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझ्या लहानपणी तिथे बैलगाडीची चाकं, पेरणीच्या तिफणी, झोपायच्या बाजा असं सगळं व्हायचं. धरणाचं पाणी शिवारात खेळलं, ऊस आला, उसामागे ट्रॅक्टर आले, आणि चाकं बनवायचं काम संपलं. पण त्याच उसाने गावात नवी घरं उभी केली, आणि प्रत्येक घराला दार लागतं. अण्णा चौकटी करू लागले. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात. तिच्या मधोमध गणपती आणि दोन्ही बाजूंना पानांची वेल. डावीकडे आठ पानं, उजवीकडे आठ. ही वेल अण्णांची. त्यांनी ती कुणाकडून घेतली नव्हती आणि कागदावर कधी काढलीही नव्हती. ती त्यांच्या हातात होती.

तोच हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग एकदा रंधा मारताना थांबून ते आपल्या हाताकडे असे पाहत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं काही आपल्या खांद्याला लावलं आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे वाढत जाणार. शहरातून तयार दारं यायला सुरुवात झाली होती, प्लायची, प्लॅस्टिकची, गुळगुळीत. लोक ती दुकानातून उचलून त्याच दिवशी बसवत होते. अण्णांना एका गणेशपट्टीला वीस दिवस लागायचे. आता किती लागतील हे कुणी विचारत नव्हतं.

भावाने औरंगाबादेत एका प्रदर्शनात ही मशीन पाहिली. संगणकात चित्र द्यायचं, मशीन फिरत्या बिटाने, बारीक पोलादी टोकाने, ते लाकडात कोरते. तो घरी आला आणि जेवताना म्हणाला, "अण्णा, तुमची वेल त्यात भरून ठेवू. दुकान बी राहील, वेल बी राहील."

अण्णांनी भाकरी मोडली. "आन मी?"

भावाने ताट पुढे सरकवलं. आईने वरण वाढलं. पुढच्या सगळ्या महिन्यांत तो प्रश्न घरात कुठेतरी पडून होता. कुणी उचलला नाही, पण त्याला वळसा घालूनच सगळे वावरत होते.

माझा संबंध आला तो संगणकामुळे. मी जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. त्या वर्षांत सरकारने सगळ्या शिक्षकांना संगणकाचा कोर्स सक्तीचा केला होता, म्हणून मला माउस धरता येत होता. घरात तेवढीच पात्रता पुरेशी ठरली. माझं सासर गावातच, त्यामुळे शाळा सुटली की दुकानात जाऊन बसणं जमायचं.

मशीन बसवायला कंपनीचा एक माणूस आला. दोन दिवस राहिला. अण्णा स्टूल घेऊन त्याच्या मागेच बसले.

"हिला सुरुवात कुठून करायची ते कोन सांगतं?"

"शून्य आपण ठरवायचं, काका. एका कोपऱ्यात नेऊन सांगायचं, हे तुझं शून्य. मग सगळी मापं ती तिथून धरते."

"आन लाकडाला गाठ आली तर? हिला कळती का?"

"नाही. तिला सगळं लाकूड सारखंच."

अण्णांनी वाकून बिटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आंधळी हाय म्हना. पन हात स्थिर हाय."

तो माणूस गेला आणि तिसऱ्या दिवशी वीज गेली. ते भारनियमनाचे दिवस होते. वेळापत्रक होतं, पण वीज ते वाचत नसे. एका टाकाऊ फळीवर भाऊ गोल नक्षी करून पाहत होता. निम्मं वर्तुळ झालं आणि सगळं बंद. दोन तासांनी वीज आली तेव्हा मशीनला आपण कुठे होतो ते आठवेना. भावाने अंदाजाने कोपरा दाखवला, तर उरलेलं निम्मं वर्तुळ पहिल्याला न मिळता बोटभर बाजूला निघालं. सलग तीन फळ्या वाया गेल्या. भाऊ कंपनीला फोन लावत होता, आणि तिकडे कुणी उचलत नव्हतं.

अण्णांनी ती फळी उन्हात नेऊन पाहिली. "तिला खूण दिली न्हाईस तू," ते म्हणाले. "आमी चौकटीचं माप धरायच्या आधी कोपऱ्यात खिळ्यानं एक भोक पाडतो का न्हाई? कितीदा बी उठलं, जेवून आलं, दुसऱ्या दिवशी आलं, तरी माप त्या भोकापासून. तिला बी पाडायला लाव. काम सुरू व्हायच्या आधी, टाकाऊ कडेला. वीज गेली की परत तिला त्या भोकात नेऊन उभी कर."

भावाने तसं केलं. पुढच्या वेळी वीज आली, बिट हाताने चाक फिरवून त्या बारीक भोकावर आणलं, आणि वर्तुळ मिळालं. कुठे सांधा आहे ते बोटाला कळत नव्हतं. अण्णांनी त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"मशीनवाला शिकून आलाय," ते म्हणाले, "पन त्याच्या गावात वीज जात नसंल."

त्या दिवसापासून ते सकाळीच दुकानात येऊन बसू लागले. तरी हात पाठीमागेच.

मग वेल उतरवायचं काम आलं. त्यासाठी नमुना पाहिजे होता. अण्णांनी केलेल्या चौकटी सगळ्या लोकांच्या घरी. कुणाच्या दारात शिडी लावून कागद घासत बसायचं? म्हणून आम्ही आमच्याच घराचं दार घेतलं. मी स्टुलावर चढून गणेशपट्टीवर पारदर्शक कागद चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. गणपती आला, वेल आली. डावीकडचं पाचवं पान मात्र आलं नाही. तिथे नुसती बाह्यरेषा आणि आत सपाट लाकूड.

ते का, हे मला माहीत होतं. अण्णांची रीत अशी होती की दुकानात वेल पूर्ण करायची नाही. एक पान राखायचं. चौकट उभी करायच्या दिवशी, नव्या घराच्या जागेवर, पूजा झाली की ते पटाशी काढायचे आणि घरच्या सगळ्यांसमोर ते शेवटचं पान कोरायचे. निघालेले कपचे घरातली मोठी बाई पदरात घ्यायची आणि धान्याच्या कोठीत टाकायची. मग चौकट उभी राहायची. आमच्या घराची चौकट उभी झाली त्या दिवशी अण्णांना दुसरीकडे बोलावणं आलं होतं. ते पान उद्यावर गेलं आणि उद्यावरच राहिलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "समद्या गावाची पानं फुटली, आमचंच तेवढं फुटंना."

लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात स्कॅनर होता. तिथून ती वेल संगणकात आली. रोज संध्याकाळी मी रेषेवर एकेक बिंदू ठेवत बसायचे. खोलीचा प्रश्न आला. पानाची शीर किती खोल?

"नखाएवढी," अण्णा म्हणाले.

"नख म्हणजे किती?"

"आता नखाला काय माप असतंय, बाई?" ते मला बाईच म्हणायचे. शाळेतली मुलंही मला बाईच म्हणत, आणि दोन्हीकडे मी सारख्याच वेगाने मागे वळायचे.

मी अंगाचा नवा साबण आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाठीमागून हात काढला. हात थरथरत होता. पण अंगठ्याचं नख साबणाला टेकलं तशी थरथर कमी झाली. संपली नाही, पण पुष्कळ कमी झाली. त्यांनी एक पान ओढलं, शिरेसकट. पट्टीने मी खोली मोजली. टोकाशी एक मिलिमीटर, देठाशी जवळपास तीन. इतकी वर्षं ते पान मी रोज पाहत होते, आणि देठ खोल आणि टोक उथळ असतं म्हणून ते वळल्यासारखं दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

पाचव्या पानाचं काय करायचं ते मी कुणाला विचारलं नाही. राखलेलं पान अण्णांचं, ते मशीनने करायचं नाही, एवढं मला स्पष्ट होतं. मी ते तसंच कोरं ठेवलं. खरं सांगायचं तर जेवताना अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण शोधून काढलं असं मला वाटलं होतं. पंधरा पानं मशीनची, एक अण्णांचं. भावालाही पटलं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू."

पहिली ऑर्डर मोंढ्यातल्या एका आडत व्यापाऱ्याची. त्यांना मधोमध गणपतीऐवजी शिवाची पिंड हवी होती. हाताने हे करायचं म्हणजे अण्णांना नव्याने मांडणी करावी लागली असती. मी चित्रात गणपती काढून पिंड ठेवली आणि दोन दिवसांत गणेशपट्टी तयार झाली. भाऊ तिच्यावरून फडकं फिरवत राहिला. अण्णांनी वास घेतला, मान हलवली. कोऱ्या पानाकडे जरा वाकून पाहिलं. आता वाटतं, त्यांनी ते तेव्हाच पाहिलं असणार.

चौकट उभी करायच्या दिवशी मीही गेले. रविवार होता. चौकट विटांच्या दोन ढिगांवर आडवी ठेवलेली. पूजा झाली. व्यापाऱ्याची आई, लुगडं नेसलेली, गळ्यात इष्टलिंग, खुर्चीवर बसली होती. तिने वेलीवरून बोट फिरवलं आणि कोऱ्या पानाशी थांबली.

"हे काहून सोडलं? मशीनचं तेल संपलं काय?"

"ते आमच्या अण्णांचं हाय, आजी," भाऊ म्हणाला. "ते इथं करायचं असतंय."

अण्णा खाली बसले. पटाशी टेकवली, लाकडी हातोडा उचलला. पहिला ठोका बरोबर बसला. दुसऱ्याला पटाशी थडकली आणि सरकली. पानाच्या टोकाकडून एक कपचा उडाला, नको तेवढा. मी पुढे होऊन पाहिलं. पाचव्या पानाच्या बरोबर मध्ये गाठ होती. वडाच्या फळाएवढी, गडद, तिच्याभोवती रेषा भोवऱ्यासारख्या वळलेल्या. धडधाकट हातालाही तिथे जपून जावं लागलं असतं.

व्यापारी घड्याळाकडे पाहत होता, मुहूर्त सरत होता. भावाने हात पुढे केला, "द्या अण्णा, मी करतो." अण्णांनी पटाशी सोडली नाही. त्यांचा हात आता सगळ्यांना दिसत होता.

मग त्यांनी पटाशी उलटी करून मूठ म्हातारीपुढे धरली.

"घ्या माय. घर तुमचं, पान बी तुमच्याच हातानं होऊ द्या."

"अगं बया," ती म्हणाली. "मी भाकरी थापनारी. मला काय येतंय त्यातलं?"

"मला तरी कुठं येतंय आता. गाठ सोडा, तिच्या कडंनं जा. मी पटाशी धरतो, ठोका तुमी मारा."

ती खुर्चीवरून उठली. नातवंडं हसायला लागली, सून तोंडाला पदर लावून हसली. अण्णांनी दोन्ही हातांनी पटाशी धरली, म्हातारीने हातोडा मारला, जपून, खलबत्त्यात काही कुटावं तसा. पान झालं. वाकडं झालं. गाठ मधे तशीच राहिली आणि पान तिच्याभोवती वळून गेलं. कपचे तिने स्वतःच वेचून पदरात घेतले.

"माझ्या सासऱ्याच्या घरी बी असलं पान न्हवतं," ती सगळ्यांना सांगत राहिली.

परतताना आम्ही तिघे टमटममध्ये होतो. मी म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं. मी ते पान तसंच उतरवलं."

"तू बरोबर उतरवलंस," ते म्हणाले. "पन ते आपल्या घराचं पान हाय. आपल्या लाकडात तिथं रेषा सरळ होत्या, म्हनून तिथं राखलं. दर लाकडाचं येगळं असतंय, बाई. जिथं लाकूड मऊ आन सरळ, तिथं राखायचं. जागेवर घाईत करायचं असतंय ना ते."

इतकी वर्षं दारं पाहूनही हे मला माहीत नव्हतं. मला रीत माहीत होती, पण तिच्यातलं हे कारण नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गावातल्या सहा-सात दारांपुढून मुद्दाम चालत गेले. राखलेलं पान ओळखता येतं का ते पाहायला. येत होतं. जागेवर केलेल्या पानाच्या कडा जरा तीक्ष्ण होत्या, त्यांना घासायला वेळ मिळालेला नव्हता. एका दारावर ते उजवीकडचं दुसरं होतं, एकावर डावीकडचं आठवं. दोन दारं सारखी नव्हती. हे मी भावाला जाऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय सांगती? मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं हाय. मला बी कधी बोलले न्हाईत." मग म्हणाला, "मी बी कधी इचारलं न्हाई."

त्यानंतर कामाची पद्धत बसली. लाकूड मशीनवर चढायच्या आधी अण्णांपुढे यायचं. ते वास घ्यायचे, मग उजवा तळवा त्याच्यावर पसरायचे. लाकडावर टेकला की हात बराच शांत व्हायचा. कडेकडेने तळवा सरकत जायचा आणि एका जागी थांबायचा. तिथे ते खडूने फुली मारायचे. खडू मी शाळेतून आणून दिलेला. फुली वाकडीतिकडी यायची, पण जागेबद्दल शंका नसायची. ती जागा कितव्या पानाची आहे ते मी मोजायचे, मूळ चित्राची नक्कल काढून तेवढं पान पुसायचे, आणि आमच्या घराचं पाचवं पान त्या नकलेत भरून टाकायचे. मग भाऊ मशीन सुरू करायचा. मशीन कोऱ्या पानाशी आली की बिट वर उचलायची आणि पलीकडे टेकवायची. अण्णा तेवढं पाहायला थांबायचे आणि मग चहाला जायचे.

जागेवरचं पान घरच्या माणसांनी कोरायचं, हे गावात आपोआप रूढ झालं. म्हातारीने मोंढ्यात सांगितलं असणार. पुढची माणसं चौकट सांगतानाच विचारायची, "पान आमीच मारायचं ना?" एका घरी सुनेने मारलं, एका घरी फौजेतून सुटीवर आलेल्या मुलाने. एका घरी दोन भावांचं कुणी मारायचं यावरून वाजलं, शेवटी अण्णांनी अर्धं अर्धं करून दिलं. अण्णा पटाशी धरायचे. ते जमेना झालं तेव्हा नुसते शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "हळू. हं. आता देठाला खोल."

शेवटच्या दोन वर्षांत ते दुकानात येऊ शकत नव्हते. भाऊ फळीच घरी घेऊन यायचा, टेम्पोतून, आणि बाजेवर त्यांच्या शेजारी ठेवायचा. शेजारचे म्हणायचे, आजाऱ्याच्या अंथरुणात लाकूड कशाला. आई त्यांना सांगायची, त्यांचं काम चाललंय.

ते गेले तेव्हा दुकानात तीन फळ्यांवर त्यांच्या फुल्या होत्या. त्या तीन चौकटी भावाने घरं उभी राहतील तशा एकेक करून केल्या. चौथी फळी आली आणि काम थांबलं. दीड महिना ती भिंतीला टेकून उभी होती. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. भाऊ त्यांना बोल्टाचं, बिटाचं काही ना काही कारण सांगायचा. मला खरं कारण माहीत होतं, त्यालाही मला माहीत आहे हे माहीत होतं.

मधल्या काळात मी आईला म्हणाले, आपल्या दाराचं पान आता तू तरी करून टाक. तिने दाराकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाली. "तेवढंच काम बाकी हाय त्यांचं."

मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला, शाळा सुटली की ये. मी गेले तेव्हा फळी मशीनच्या पाटावर आडवी होती आणि तो तिच्यावर तळवा ठेवून उभा होता. मला पाहून त्याने हात काढला नाही. डावीकडून सुरुवात करून तो सरकत गेला, पार उजव्या टोकापर्यंत, आणि पुन्हा मागे आला. मग खिशातून खडू काढला आणि फुली मारली. फुली सरळ आली.

"उजवीकडचं चौथं," मी मोजून म्हणाले. "इथंच का?"

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "बघ बरं तू."

मी तळवा ठेवला. फळी जराशी गार होती. फुलीखाली रेषा सरळ वाटल्या, पण शेजारच्या पानाखालीही तशाच वाटल्या. मी त्याला तसं सांगितलं.

"मंग चौथंच धर," तो म्हणाला. "चुकलं तर गाठीच्या कडंनं जातील ते."

मी संगणकासमोर बसले. मूळ चित्र उघडलं, आमच्या दाराचं, त्यात पाचवं पान अजून कोरं आहे. त्याची नक्कल काढली, पाचवं भरलं, चौथं पुसलं. भावाने कोपऱ्यात भोक पाडून घेतलं आणि मशीन सुरू केली. सागाचा वास सुटला. डावीकडची आठ झाली, पिंड नाही, या वेळी गणपती होता, तो झाला, मग उजवीकडची एक, दोन, तीन. चौथ्यापाशी बिट वर उचललं गेलं, रिकामंच पुढे सरकलं, आणि पाचव्यावर टेकलं.

भाऊ तेवढं पाहून चहा सांगायला गेला.